सायटेशन रिपोर्ट करून देणारी सर्विस वापरली त्याचा अनुभव, पेनवर (म्हणजे दुखण्यावर) काम करणाऱ्यांनी मागवायच्या आधी वाचा

आधीच सांगते, सर्विसचं नाव लिहिणार नाहीये. एक तर त्यांच्याशी अजून ईमेल चालू आहेत, आणि दुसरं म्हणजे याच धंद्यातल्या आणखी दोघांचे नमुना रिपोर्ट मी मागवून बघितले, सगळे एकाच माळेचे मणी. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा समजा नाहीतर अख्ख्या प्रकाराचा समजा.

झालं असं की आमच्या लॅबच्या मॅडम पेन न्यूरोसायन्समध्ये आहेत, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोचतं कसं आणि जखम भरल्यावरही काही जणांचं दुखणं थांबत का नाही, हा त्यांचा विषय. त्यांचं नाव एका अवॉर्डसाठी पाठवायचं ठरलं आणि फॉर्ममध्ये एक रकाना होता, संशोधनाचं आउटपुट आणि सायटेशन इम्पॅक्ट (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत तुमच्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला), पुराव्यासकट. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "अगं तूच बघ ना ते, मला त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही." झालं, काम माझ्या गळ्यात. आता माझं रोजचं काम म्हणजे उंदरांच्या पिंजऱ्यासमोर बसणं, आकड्यांचं मला वावडं नाही पण सायंटिस्टचं आयुष्य आकड्यात कसं बसवतात याचा काही अनुभव नव्हता, म्हणून म्हटलं घेऊ या एखादी सर्विस, त्यांचा धंदाच आहे तो.

त्यांना काय द्यावं लागतं? नाव, संस्था, ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी नंबर आणि विषयाचे चार-पाच कीवर्ड. बास. आठवडाभरात पीडीएफ आली, सोबत एक्सेल. दिसायला एकदम चकचकीत, खोटं कशाला बोलू. कव्हरवर मोठ्या अक्षरात एच-इंडेक्स, आत वर्षावर्षाचे बार, कोणाकोणाबरोबर पेपर लिहिले त्याचं जाळं, विषयांचा तो ढगासारखा फोटो ज्यात जास्त वापरलेला शब्द मोठा दिसतो, टॉप टेन पेपर, प्रत्येक पेपरपुढे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा), आणि शेवटी दोन पानं मजकूर, त्यात मॅडम "जागतिक पातळीवर ठसा उमटवणाऱ्या" वगैरे. मी पीडीएफ बघून खूश, तशीच मॅडमना दाखवायला गेले.

मॅडमनी ढगाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे काँक्रीट काय आहे?"

खरंच, पेन आणि स्पायनल कॉर्डच्या मधोमध काँक्रीट. मग मी एक्सेल उघडून एकेक ओळ बघत बसले, तेव्हा उलगडा झाला. मॅडमचंच आडनाव आणि तीच इनिशियल्स असलेला कुणीतरी सिव्हिल इंजिनियर आहे, तो पुलांच्या जोडांवर काम करतो, आणि त्याच्या पेपरांत स्ट्रेस, लोड, जॉइंट हे शब्द ठासून भरलेत. आम्ही दिलेल्या कीवर्डमध्ये होतं जॉइंट पेन आणि स्ट्रेस. मशीनला काय, जोड तो जोड, गुडघ्याचा काय नि पुलाचा काय! त्याचे सात पेपर मॅडमच्या नावावर, आणि त्यातला एक टॉप टेनमध्ये.

बरं हे जास्तीचं झालं, पण जे हवं तेच गायब होतं. मॅडमचे सुरुवातीचे पेपर लग्नाआधीच्या आडनावाने आहेत. ते एकही नाही. ऑर्किड सुरू झालं २०१२ मध्ये, त्याच्या आधीचे पेपर ज्याचे त्याने जाऊन जोडायचे असतात, आणि मॅडमनी ते कधी केलंच नव्हतं. तेव्हा इथे चूक निम्मी आमची, मान्य. पण सर्विसच्या फॉर्ममध्ये "आधी दुसऱ्या नावाने लिहिलंय का" एवढा एक प्रश्न टाकायला काय जात होतं? निम्म्या जगातल्या बायकांचा हा प्रश्न आहे आणि पैसे घेऊन रिपोर्ट करणाऱ्यांना तो सुचत नाही म्हणजे कमाल आहे.

आता एच-इंडेक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, २००५ मध्ये होर्हे हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने हे काढलं, तुमचे वीस पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान वीस सायटेशन आहेत तर तुमचा एच वीस. सोपं आहे, म्हणूनच सगळीकडे चाललं. पण हा आकडा कुठून घेताय त्यावर बदलतो, गूगल स्कॉलर सगळंच मोजतं, थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासायच्या आधीच नेटवर टाकलेले पेपर), कुठल्या तरी साइटवर टाकलेली पीडीएफ, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस ठरलेल्या जर्नलांमधलंच मोजतात, त्यामुळे एकाच माणसाचे तीन एच निघतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. यांनी काय केलं, कव्हरवर स्कॉलरचा घेतला (अर्थातच, तो सगळ्यात मोठा दिसतो) आणि आतले पर्सेंटाइल (पेपर त्याच्या विषयातल्या किती टक्के पेपरांच्या पुढे आहे ते) वेब ऑफ सायन्सवरून काढले, आणि हे कुठेही लिहिलं नाही. कमिटीत एक जरी जाणकार बसला असता तर पहिल्या पानावरच आमची शोभा झाली असती.

स्कॉलरचा आकडा कव्हरवर नको म्हणते त्याला कारण आहे. २०१० मध्ये सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच संशोधकाने आइक अँटकारे नावाचा अस्तित्वातच नसलेला सायंटिस्ट तयार केला, कॉम्प्युटरने बनवलेले निरर्थक पेपर एकमेकांना सायट करत नेटवर टाकले आणि त्या बाबाचा एच-इंडेक्स ९४ पर्यंत नेऊन दाखवला. २०२४ मध्ये तर याच युक्तीने लॅरी नावाच्या मांजराला सायटेशनवाला लेखक करून दाखवलं लोकांनी. आमच्या मॅडमचं तसलं काही नाही हो, पण मांजरालाही जमणारा आकडा कव्हरवर कशाला मिरवायचा.

आणि एच-इंडेक्सची दुसरी गंमत, एखादा पेपर एकदा त्या रेषेच्या वर गेला की पुढे त्याला शंभर सायटेशन असोत नाहीतर दहा हजार, मोजणीत तो एकच. मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५ चा सायन्समधला पेपर घ्या, गेट कंट्रोल थिअरीचा. दुखण्याची तार सरळ मेंदूत जात नाही, पाठीच्या कण्यात एक दार आहे आणि ते वरून-खालून उघडबंद होतं, ही कल्पना त्यांनी मांडली आणि पेनचं अख्खं क्षेत्र तिथून वळलं. लागलं की आपण त्या जागी हात चोळतो आणि बरं वाटतं, ते का, हे त्या पेपरने पहिल्यांदा धड समजावलं. पुढे त्यातल्या जोडण्यांचे बारकावे बरेच बदलले पण दार राहिलं. एच-इंडेक्सला तो पेपर आणि त्याच लेखकाचा बरा चाललेला दुसरा कुठलाही पेपर सारखेच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. रिपोर्टच्या टॉप टेनमध्ये (इंजिनियरला वगळून) मॅडमचा एक नंबरचा पेपर म्हणून जो आला तो बघून मॅडम हसल्याच. तो पेपर म्हणजे एक टेस्ट कशी करायची आणि आकडे कसे मांडायचे त्याचा. शोध वगैरे काही नाही. आणि शेवटच्या दोन पानांत यांनी लिहिलंय की हा पेपर म्हणजे मॅडमचं "सर्वात प्रभावी वैज्ञानिक योगदान". अहो, ज्याला पेनमधलं काही माहीत आहे तो असं लिहिणारच नाही.

कारण आमच्या क्षेत्रात सायटेशन कुठे साठतात हे बघा. माझंच रोजचं काम सांगते. जाळीच्या प्लॅटफॉर्मवर उंदीर, वर पारदर्शक डबा. आधी अर्धा तास नुसतं बसायचं, कारण तो वास घेत फिरतो, डब्याच्या भिंतीवर चढतो, अंग चाटतो, तोपर्यंत हात लावून उपयोग नाही. शांत झाला की खालून जाळीच्या भोकातून नायलॉनचं फिलामेंट मागच्या पंज्याच्या मधोमध टेकवायचं आणि जरासं वाकेपर्यंत दाबायचं. मनात मोजायचं. पंजा झटकला की एक फुली, नाही झटकला की गोल. मोठ्या उंदराला सुरुवात दोन ग्रॅमच्या फिलामेंटपासून, झटकला तर पुढच्या वेळी हलकं, नाही झटकला तर जड, असं वरखाली करत फुल्या-गोलांची ओळ तयार होते आणि तिच्यावरून ठरतं की किती ग्रॅमला हा प्राणी निम्म्या वेळा पाय उचलेल. साध्या स्पर्शाला झटकायला लागला तर समजायचं याचं दुखणं वाढलंय. ही फिलामेंटं माक्स फोन फ्रायच्या नावाने ओळखतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो चक्क केस वापरायचा. आणि ही वरखालीची मोजणी उंदरांच्या पंज्यासाठी बसवून दिली ती चॅपलन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये. आता जगात कुठेही कुणीही ही टेस्ट केली की पेपरच्या मेथड्समध्ये, म्हणजे काय कसं केलं त्या भागात, एक ओळ, चॅपलन १९९४. वाचलेला असो नसो. मी स्वतः तो पेपर पूर्ण वाचायच्या आधी दोनदा सायट केलाय, आता सांगायला हरकत नाही.

तसंच काचेखालून उष्णता देऊन पंजा किती सेकंदात उचलतो ते बघायची टेस्ट, हार्ग्रीव्हज १९८८. सायॅटिक नर्व्हला सैल गाठी बांधून नर्व्हचं दुखणं तयार करायचं मॉडेल, बेनेट आणि शी, तेही १९८८, त्याच पेन नावाच्या जर्नलमध्ये. मग असलीच आणखी मॉडेलं, किम आणि चंग १९९२, मग डेकोस्टर्ड आणि वुल्फ २०००. हे सगळे पेपर म्हणजे आमच्या क्षेत्रातले टोलनाके आहेत, रस्ता कुठलाही असो, पावती फाडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सगळ्यात भारी उदाहरण झिमरमन १९८३ चं. शुद्धीवर असलेल्या प्राण्यांवर पेनचे प्रयोग करताना काय पाळायचं याची ती मार्गदर्शक तत्त्वं. किती पेपरांत ते असेल! एथिक्सची परवानगी मिळाली, झिमरमन पाळला, पुढे चला. तत्त्वं फार मोलाची आहेत, कुणीतरी ती लिहायलाच हवी होती, पण त्या सायटेशनवरून कुणाच्या संशोधनाची खोली मोजायला गेलं तर हाती काय लागणार?

माणसांवरच्या कामातही तेच, मेल्झॅकचा १९७५ चा मॅकगिल पेन क्वेश्चनेअर, ठणकतंय की टोचतंय की जळजळतंय असे शब्द निवडायला लावणारा, तो वापरला की सायट. आणि थीसिसच्या पहिल्या वाक्यात आंतरराष्ट्रीय पेन संघटनेची दुखण्याची व्याख्या, १९७९ ची किंवा २०२० ला बदललेली, ती तर सगळ्यांनाच लागते.

याच्यासमोर वुल्फचा १९८३ चा नेचरमधला पेपर ठेवा. एकट्याचं नाव, तीनच पानं. इजा झाल्यावर वाढलेली संवेदना फक्त जखमेच्या जागी नसते, पाठीच्या कण्यातली यंत्रणाच जास्त तापट होते, हे त्यात दाखवलं. आज जुनाट दुखण्याच्या पेशंटला डॉक्टर सेन्ट्रल सेन्सिटायझेशन म्हणून जे समजावतात त्याचं मूळ तिथे. आता मजा अशी की नव्या पिढीतले लोक तो मूळ पेपर सायट करण्याऐवजी वुल्फचेच नंतरचे रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा घेणारे पेपर) करतात, २०११ चा वगैरे, कारण एका ओळीत सगळं येतं. म्हणजे शोध एका खात्यावर आणि व्याज दुसऱ्या खात्यावर. इथे माणूस एकच आहे म्हणून ठीक, पण शोध एकाचा आणि रिव्ह्यू दुसऱ्याचा असेल तर सायटेशन कुणाच्या खिशात जातात ते तुम्हीच बघा. या रिपोर्टमध्ये रिव्ह्यू, मेथड आणि मूळ संशोधन एकाच टेबलात एकाखाली एक. डेटाबेसमध्ये रिव्ह्यूला वेगळं लेबल असतं हो, एक फिल्टर लावायचा होता फक्त!

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल जास्त लिहीत नाही. तो जर्नलचा असतो, माणसाचा नाही, आणि माणसाला मोजायला तो वापरू नका असं २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मीटिंगमध्ये ठरलेलं डोरा डिक्लरेशन सरळ सांगतं. शिवाय तो मागच्या दोन वर्षांच्या पेपरांवर निघतो. डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने मिरचीतल्या कॅप्सायसिनचा रिसेप्टर शोधला १९९७ मध्ये, तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या पुढच्या उष्णतेलाही उघडतो, म्हणजे तिखट लागल्यावर आग का होते याचं उत्तर अक्षरशः एकाच प्रोटीनमध्ये, आणि नोबेल मिळालं २०२१ ला, पाटापुटियनबरोबर. चोवीस वर्षं. दोन वर्षांच्या खिडकीतून चोवीस वर्षांचं काय दिसणार.

पर्सेंटाइलचा घोळ जरा टेक्निकल आहे पण पेनवाल्यांना थेट लागतो म्हणून सांगते. वेब ऑफ सायन्समध्ये पेन हा स्वतंत्र विषयच नाही. आमचं मुख्य जर्नल तिथे अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी, क्लिनिकल न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसायन्स अशा तीन खोल्यांत राहतं. आता तोच पेपर अ‍ॅनेस्थेसियाच्या खोलीत उभा केला तर उंच दिसतो आणि न्यूरोसायन्सच्या खोलीत उभा केला तर मध्यम, कारण न्यूरोसायन्सवाले एकमेकांना सायटच जास्त करतात. यांनी प्रत्येक पेपरला जी खोली फायद्याची ती घेतली होती. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मॅम, आम्ही बेस्ट पर्सेंटाइल दाखवतो, क्लायंटच्या हितासाठी." म्हणजे उंची मोजताना ज्याच्याशेजारी बुटका असेल त्याच्याशी मोजायची! यापेक्षा अमेरिकेच्या एनआयएचचं (त्यांची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) आयसाइट नावाचं मोफत टूल आहे, त्यातला रिलेटिव्ह सायटेशन रेशो मला जास्त पटला. तो पेपरबरोबर जे दुसरे पेपर सायट होतात त्यांच्यावरून त्याचं शेजार ठरवतो आणि मग तुलना करतो, आणि एनआयएचच्या पैशावर झालेल्या कामाचा मध्य म्हणजे १. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमधले पेपरच त्यात येतात, एवढी मर्यादा. मॅडमचे सगळे पेपर मी एका संध्याकाळी त्यात टाकून यादी काढली. फुकट.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकली आणि ती आकड्यांची नाही. स्कॉट रूबेन नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ होता, ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर औषधांची जोडी कशी द्यावी यावर त्याचे खूप पेपर, सगळे त्याला सायट करायचे. २००९ मध्ये बाहेर आलं की त्याच्या २१ पेपरांत खोटा डेटा होता. रिट्रॅक्शन झाली, म्हणजे जर्नलांनी ते पेपर मागे घेतले, २०१० मध्ये कोर्टात गुन्हाही कबूल केला. पण त्याचे पेपर त्यानंतरही सायट होत राहिले, आणि सायटेशनच्या आकड्यात खोटा पेपरही खऱ्यासारखाच दिसतो. मॅडमच्या एका जुन्या रिव्ह्यूत त्याचा एक संदर्भ आहे, तेव्हा कुणाला माहीत होतं. रिपोर्टमध्ये मॅडमच्या संदर्भांचं विश्लेषण म्हणून दोन पानं आहेत, रंगीत, गोल गोल आलेख, पण कुठला संदर्भ रिट्रॅक्ट झालाय त्याची एक खूण नाही. मी विचारलं तर म्हणाले तो अ‍ॅड-ऑन आहे, वेगळा घ्यावा लागेल. म्हणजे गाडीला ब्रेक पाहिजेत तर वेगळे सांगा!

एवढं झोडपल्यावर आता चांगलं सांगते, कारण एक गोष्ट यांनी खरंच छान दिलीय आणि तिच्यासाठीच मी पाचपैकी तीन देतेय, नाहीतर दोनवर थांबले असते. एक्सेलच्या पाचव्या शीटमध्ये, जिकडे कुणी जाणार नाही अशा जागी, त्यांनी मॅडमचे पेपर जिथे जिथे सायट झालेत ती वाक्यं काढून ठेवलीत, आणि पुढे लिहिलंय की वाक्य इन्ट्रोडक्शनमधलं आहे, मेथड्समधलं की डिस्कशनमधलं (निकालांचा अर्थ लावतात तो भाग). पीडीएफमध्ये याचा उल्लेखही नाही. मला वाटतं त्यांनाही माहीत नसावं की हीच त्यांची सगळ्यात भारी वस्तू आहे.

ती शीट घेऊन मी दोन रात्री बसले. एक नंबरच्या पेपरची वाक्यं जवळजवळ सगळी मेथड्समधली, आणि सगळी एकसारखी, "अमुक पद्धतीने केलं". कॉपी-पेस्ट वाटावीत इतकी. मग खाली खाली जात एक पेपर आला जो टॉप टेनमध्ये नाही, टॉप तीसमध्येही नाही. मॅडमचा छोटासा पेपर, नर आणि मादी दोन्ही उंदीर घेऊन केलेला, ज्या काळात मादी घेतल्या की पेपर तपासणारे रिव्ह्यूअर विचारायचे हे कशाला, माद्यांच्या हार्मोनच्या सायकलमुळे डेटा विस्कटतो. तो काळ किती एकतर्फी होता त्याचा आकडाच आहे, मोगिल आणि चंदा यांनी २००५ मध्ये पेन जर्नलमधले मागच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे अभ्यास मोजले तर निदान ७९ टक्क्यांत फक्त नर. आणि जुनाट दुखण्याच्या पेशंटमध्ये बायका जास्त! पुढे २०१५ मध्ये मोगिल यांच्याच लॅबमधून आलं की नर उंदरांत दुखणं वाढवायचं काम मायक्रोग्लिया (मेंदू आणि कण्यातल्या रोगप्रतिकारक पेशी) करतात आणि माद्यांत बहुतेक टी-सेल्स (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी), म्हणजे फक्त नरांवर तपासलेलं औषध निम्म्यांना लागू पडेलच असं नाही. तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून जुने दोन्ही-लिंगांचे पेपर शोधायला सुरुवात केली.

तर मॅडमच्या त्या छोट्या पेपरची सायटेशन मोजकी, पण वाक्यं बघा तर जवळजवळ सगळी डिस्कशनमधली. कुणी म्हणतंय आमचं याच्याशी जुळतं, कुणी म्हणतंय जुळत नाही आणि का ते अर्धा परिच्छेद लिहितंय, एकाने तर नाव घेऊन वाद घातलाय. म्हणजे या लोकांनी तो पेपर वाचलाय. नुसती पावती फाडलेली नाही. मी मॅडमना ती वाक्यं प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या वाचायला लागल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. त्या वाद घालणाऱ्याच्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा बरोबर बोलतोय. आपण तेव्हा वय बघितलंच नव्हतं गं." अवॉर्डचं विसरूनच गेल्या, मला म्हणाल्या याच्यावर पुढच्या बॅचमध्ये काही करता येईल का बघ.

सपोर्टबद्दल थोडक्यात. माणसं गोड आहेत, उत्तर दोन दिवसांत येतं, पण समोरच्याला विषय माहीत नसतो. मी लिहिलं की मेथड पेपर वेगळे काढा, तर त्यांनी शीर्षकात मेथड हा शब्द असलेले पेपर काढून टाकले, मॅडमच्या पेपरच्या शीर्षकात तो शब्दच नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा एक नंबरवर. जुनं आडनाव जोडल्यावर आकडे सुधारले, सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरचा दिलेला संदर्भ) त्यांनी न सांगता वेगळी दाखवली होती तेही प्रामाणिकपणाचं. इम्पॅक्ट फॅक्टरचा कॉलम काढायला सांगितला तर म्हणाले टेम्प्लेट लॉक्ड आहे. मी शेवटी पांढरी पट्टी लावून झाकला.

आम्ही फॉर्मला काय जोडलं विचाराल तर कव्हर नाही, ढग नाही, ती ठसा उमटवणारी दोन पानंही नाहीत. दोन डेटाबेसचे एच-इंडेक्स तारखेसकट आणि कुठून घेतले ते लिहून, आयसाइटची यादी, आणि पाच पेपर मॅडमनी स्वतः निवडले, प्रत्येकाखाली तीन ओळी की यातून काय कळलं आणि त्यावर इतरांनी काय म्हटलं. त्या ओळींसाठी पाचवी शीट कामाला आली. तो छोटा पेपर पहिल्या नंबरवर टाकला.

तुमच्या मॅडम किंवा सरांचं नाव सरळ असेल, एकाच आडनावाचं आणि विचित्र स्पेलिंगचं, आणि हाताशी अजिबात वेळ नसेल तर घ्या, पण ऑर्डर देतानाच सांगा की वाक्यांची शीट हवी आणि पर्सेंटाइल कुठल्या खोलीतलं ते प्रत्येक ओळीत लिहा. नाहीतर दोन संध्याकाळी स्वतः बसा.

काल तिसरी दुरुस्त कॉपी आली. ढगातून काँक्रीट गेलंय. टॉप टेनमध्ये सहाव्या नंबरवर पुलाच्या जोडाचा पेपर अजून आहे. मी वैतागून चौथा ईमेल लिहायला घेतला होता तर मॅडम मागून वाचत होत्या, म्हणाल्या, "त्यांना नको, त्या इंजिनियरला लिही. सांग त्याला, तुमच्या पुलाचं पेनमध्ये चांगलं चाललंय."